पहिल्या पेडलचे पार्ट

गिटारचं पहिलं पेडल कोणतं करू, असं कोणी विचारलं की मी फझ सांगतो. लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ साली बाजारात आणलेल्या फझ फेसमध्ये दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट एवढाच ऐवज आहे. अकरा पार्ट. बाकी एक पायाने दाबायचा स्विच, दोन जॅक, बॅटरी आणि माइकच्या स्टँडच्या बैठकीवरून सुचलेला वाटोळा डबा. जिमी हेंड्रिक्सने हेच पेडल वापरलं आणि त्याचा तो जाड, फाटलेला, लांब टिकणारा सूर जगभर पोचला. पार्ट इतके थोडे असले की एकेकाचं काम कानाला कळतं. एक बदला, आवाज बदलतो. शिकणाऱ्याला याहून चांगला धडा मिळत नाही.

बेंगळुरूत जयनगरला घराच्या पुढच्या खोलीत माझं दुरुस्तीचं टेबल आहे. ॲम्प्लिफायर, मिक्सर, कीबोर्ड येतात. पेडल दुरुस्त करता करता पेडल बनवायला लागलो आणि मग शेजारपाजारची गिटार वाजवणारी मुलं पार्टबद्दल विचारायला येऊ लागली. यंदा घरातलीच विद्यार्थिनी मिळाली. पुतणी कोल्हापूरहून इथे कॉलेजला आली, आमच्याकडेच राहते, आणि गिटार तिने बी.ए.च्या पुस्तकांच्याही आधी ट्रकमध्ये चढवली होती. तिने केलेली पार्टची यादी पाहिली तर रेझिस्टरवरच अर्धं पान खर्ची पडलं होतं. जुन्या पद्धतीचे कार्बन कॉम्पोझिशन हवेत, अमुकच देशाचे हवेत. ट्रान्झिस्टरपुढे मात्र नुसतं ‘एसी १२८, दोन नग’.

“काका, एवढे सगळे इथे मिळतील ना?”

“मिळतील. पण तू ज्यावर पान भरलंस त्यावर पाच मिनिटं घालवू, आणि जिथे दोन नग लिहिलेस तिथे सगळी दुपार.”

पार्ट निवडायचे म्हणजे काय, याचं माझं उत्तर एवढंच आहे. सगळ्याच गोष्टी निवडायच्या नसतात. काही वस्तू कुठूनही घेतल्या तरी चालतात, आणि काहींची मोजून, लावून, ऐकून पारख करावी लागते. नवख्या माणसाची शक्ती आणि पैसा नेमका उलट्या ठिकाणी जातो, कारण रेझिस्टरबद्दल बोलणं सोपं असतं.

तर आधी त्या पाच मिनिटांचं. फझ फेसला ३३ के, ८.२ के, ४७० ओहम आणि १०० के असे चार रेझिस्टर लागतात. पाव वॅटचे मेटल फिल्म घ्यावेत. कार्बन कॉम्पोझिशनचे जुने रेझिस्टर दिसायला देखणे असतात, पण त्यांची स्वतःची खरखर जास्त असते आणि वर्षं सरतात तसा ओहमचा आकडा सरकत जातो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये १०० के लिहिलेला रेझिस्टर मीटरवर कितीतरी पुढे गेलेला सापडणं रोजचंच आहे. मेटल फिल्म एक टक्क्याच्या आत राहतो आणि एका रुपयाच्या आसपास मिळतो. रंगांचे पट्टे वाचायला मी पुतणीला घरातल्या जुन्या पाच टक्केवाल्यांवर शिकवलं. ३३ के ओळखायला सगळ्यात सोपा, तिन्ही पट्टे नारिंगी. ८.२ के म्हणजे राखाडी, लाल, लाल. तिने दोन दिवसांत पाठ केले आणि नंतर एक टक्केवाल्यांच्या पाच पट्ट्यांवर जरा अडखळली, तेव्हा सांगितलं की शंका आली की मीटर लाव, पट्ट्यांशी भांडू नकोस.

कपॅसिटरचं थोडं वेगळं. बाजारात त्याला अजूनही कंडेन्सर म्हणतात. इथे कंपनीपेक्षा मायक्रोफॅरडचा आकडा महत्त्वाचा. आत येणारा सिग्नल २.२ मायक्रोफॅरडमधून जातो. फझ फेसच्या तोंडाशी रोध फारच कमी, काही हजार ओहमच, म्हणून कपॅसिटर एवढा मोठा ठेवावा लागतो. तिथे ०.१ लावला तर साधारण दीडशे हर्ट्झच्या खालचे सूर कापले जायला लागतात, आणि गिटारची सगळ्यात जाड तार तर ८२ हर्ट्झला वाजते. म्हणजे खर्ज पातळ होणार. ज्यांच्या गिटारला जाड आवाजाचे हंबकर पिकअप आहेत त्यांना तेच बरं वाटतं, कारण फझमध्ये खर्ज फार झाला की नुसता चिखल होतो. पुतणीच्या गिटारला हंबकरच आहेत. म्हणून २.२, ०.४७ आणि ०.१ असे तिन्ही घ्यायला सांगितले. बाहेर जाणारा ०.०१, त्यावर १०३ छापलेलं असतं. तिसरा बावीस मायक्रोफॅरडचा, पंचवीस व्होल्टचा.

पार्ट आणायला चिकपेटला मेट्रोने गेलो. हिरव्या मार्गावर जयनगर, साउथ एंड सर्कल, लालबाग, नॅशनल कॉलेज, के. आर. मार्केट, की पुढचं चिकपेट. वर आलं की सदर पत्रप्पा रोड, सगळ्या शहराचा एस. पी. रोड, चालत जाण्याच्या अंतरावर. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली ज्यांना ठाऊक आहे त्यांना इथे परकं वाटत नाही. काउंटरपलीकडे छतापर्यंत प्लॅस्टिकचे लहान खण, पुढे गिऱ्हाइकांची रेटारेटी, आणि कन्नड, दख्खनी, हिंदी, तमिळ सगळं एकदम. पार्ट मागायचे ते इथल्या नावाने. पाव इंची जॅक मागितला तर पोऱ्या बघत राहतो. पी-३८ म्हटलं की लगेच समोर. ट्रिमर म्हणू नये, प्रीसेट म्हणावं. भोकं पाडलेला कोरा बोर्ड म्हणजे झीरो पीसीबी. ही नावं मी पुतणीला मेट्रोतच सांगून ठेवली होती आणि मागायचं काम तिच्यावर सोपवलं होतं. दुसऱ्याने आणून दिलेल्या पार्टची ओळख होत नाही.

पॉट घेताना तिला जरा थांबवलं. पॉटच्या पाठीवर ए किंवा बी अक्षर असतं. बी म्हणजे सरळ चढणारा, ए म्हणजे कानाच्या हिशेबाने चढणारा. दुकानदार बी देतो, कारण खपतो तोच. आवाजासाठी ५०० के बी लावला तर पहिल्या पाव फेऱ्यातच सगळा आवाज येऊन जातो आणि पुढे फिरवण्यात काही अर्थ राहत नाही. तिथे ए हवा. फझचा १ के पॉट मूळ पेडलमध्ये सरळ चढणाराच आहे, त्याची सगळी गंमत शेवटच्या टोकाला येते. उलट चढणारा सी मिळाला तर सोय होते, नाही मिळाला तर अडत नाही. पुतणीने पॉट उलटून पाठ वाचली, दुकानदाराला परत दिला आणि म्हणाली, “अण्णा, ए टाइप कोडी.” दुकानदाराने मागच्या खणातून काढून दिला. मला फार बरं वाटलं.

स्विच आणि जॅक यांवर पैसे घाला, हे मी सगळ्यांना सांगतो. पेडल पायाने दाबायची वस्तू आहे. स्टेजवर अंधारात, बुटासकट, अंगाचं वजन टाकून दाबली जाते. माझ्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या पेडलांत ट्रान्झिस्टर गेलेलं क्वचित, स्विच आणि जॅक गेलेली बहुतेक. स्विच तीन पोल दोन दिशांचा घ्यावा, खाली नऊ पाय असलेला. त्यातले दोन पोल गिटारचा सिग्नल सर्किटला पूर्ण वळसा घालून नेतात आणि तिसरा दिवा लावतो. जॅक उघड्या सांगाड्याचे, धातूचे. गिटार जोडायचा जॅक स्टिरिओ घ्यायचा. गिटारची पिन मोनो असते. ती आत गेली की जॅकचा मधला पत्रा जमिनीला, म्हणजे सर्किटच्या ग्राउंडला, टेकतो आणि बॅटरी जोडली जाते, पिन काढली की तुटते. वेगळा बटणाचा खर्च नाही आणि रात्रभर बॅटरी उतरत नाही. ही युक्ती कोणी पहिल्यांदा केली ठाऊक नाही, पण पेडलच्या धंद्यातली ही सगळ्यात सुंदर काटकसर आहे. बॅटरी साधी हाय-वॅटची चौकोनी नऊ व्होल्टची. महागडी अल्कलाइन नको, या सर्किटला कार्बन-झिंकवाली जास्त मानवते.

मग ट्रान्झिस्टर.

फझ फेसच्या सुरुवातीच्या पेडलांत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते, एनकेटी २७५ किंवा एसी १२८. पुढे दोन-तीन वर्षांतच सिलिकॉनचा बीसी १०८ आला. जर्मेनियमचा आवाज गोलसर, सिलिकॉनचा धारदार. एसी १२८ हा मुळात रेडिओच्या स्पीकरच्या टप्प्यासाठी केलेला ट्रान्झिस्टर. म्हणूनच तो भारतात सापडतो. घरोघरी ट्रान्झिस्टर रेडिओ होते, गल्लोगल्ली दुरुस्तीवाले होते आणि त्यांच्या डब्यांत हे बदलीचे नग पडून होते. आम्ही ज्या दुकानात विचारलं तिथले मालक म्हातारे होते. “हळेदु इदे,” म्हणाले, जुना माल आहे, आणि आतून एक पत्र्याचा डबा घेऊन आले. आत मूठभर लांबट धातूच्या नळ्या, प्रत्येकीला तीन लांब तारा, काहींना कलेक्टरच्या बाजूला लाल ठिपका. रंग उडालेला. एक नळी मी उजेडात तिरकी धरली तेव्हा अक्षरं दिसली: बी ई एल.

भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड. १९५४ साली केंद्र सरकारने संरक्षण दलांच्या गरजेसाठी इथे बेंगळुरूलाच, जलहळ्ळीला काढलेली कंपनी. लोकांना ती रडारमुळे ठाऊक असते, मतदान यंत्रांमुळे ठाऊक असते. पण साठच्या दशकात तिने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टरही बनवले आणि देशभरच्या रेडिओंत ते गेले. आज युरोप-अमेरिकेतले फझ बनवणारे लोक बीईएलचा एसी १२८ हौसेने शोधतात. पुतणीच्या यादीत इंग्लंडच्या मालाची नावं होती, आणि हातात आलेला ट्रान्झिस्टर याच शहरात बनलेला होता. जयनगर, चिकपेट आणि जलहळ्ळी ही तिन्ही स्थानकं मेट्रोच्या एकाच मार्गावर आहेत. ज्या बायकांनी आणि पुरुषांनी भिंगाखाली या तारा जोडल्या असतील त्यांच्यापैकी कितीतरी जण याच शहरात निवृत्त झाले असतील. मला या गोष्टीचा मनापासून अभिमान वाटतो, आणि तो मी पुतणीपुढे लपवला नाही.

अभिमान ठीक, पण मीटर काढायचाच. पहिली तपासणी दुकानातच. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून बेस आणि एमिटर तपासायचा. जर्मेनियम असेल तर आकडा ०.२ च्या आसपास येतो, सिलिकॉन असेल तर ०.६ च्या वर. जर्मेनियमला भाव आला तसे सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरवर जुना नंबर छापून विकणारेही आले. मागे एका दुकानातून मी आणलेल्या पाकिटात तसे निघाले होते. या म्हाताऱ्या मालकांनी मात्र स्वतःच मीटर पुढे केला. मूठभर नग घेतले. दोनच का नाही, हे पुतणीला घरी आल्यावर कळलं.

एकाच नंबरचे दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर सारखे नसतात. एकाची वाढ, म्हणजे गेन, साठ, दुसऱ्याची दीडशे. शिवाय जर्मेनियम गळतो. बेसला काहीच दिलं नाही तरी कलेक्टरमधून थोडा प्रवाह वाहतच राहतो, आणि साध्या मीटरवरची एचएफईची खोबण ती गळतीसुद्धा वाढ म्हणून मोजते. म्हणून आर. जी. कीन या अमेरिकन गृहस्थांनी सांगितलेली साधी पद्धत वापरायची. एमिटर नऊ व्होल्टच्या धन टोकाला. कलेक्टरपासून ऋण टोकापर्यंत २.२ के आणि २७० ओहम एकापुढे एक. बेसपासून ऋण टोकापर्यंत २.२ मेगओहम, मध्ये एक बटण. मीटर कलेक्टरच्या रेझिस्टरवर. बटण न दाबता येतो तो आकडा गळतीचा. बटण दाबलं की बेसमध्ये चार मायक्रोॲम्पियर जातात आणि आकडा वाढतो. दुसऱ्यातून पहिला वजा करायचा, शंभराने गुणायचं, खरी वाढ हातात.

पुतणीने ब्रेडबोर्डवर हे जोडलं आणि पहिला नग लावला. बटणाशिवाय ०.५६ व्होल्ट, दाबून १.३८. साध्या मीटरने त्याला १३८ म्हटलं असतं, खरी वाढ ८२. गळती सव्वादोनशे मायक्रोॲम्पियरच्या घरात. पहिल्या ट्रान्झिस्टरला ३३ केमधून जेमतेम पाव मिलिॲम्पियर मिळतो. एवढी गळती म्हणजे त्यातला जवळजवळ सगळा वाटा ती एकटीच खाणार. हा नग बाजूला.

दुसरा नग लावताना तिने तो बोटांत जरा जास्त वेळ धरला होता. बटणाला हात न लावताही आकडा वर होता आणि आम्ही बघत असताना हळूहळू उतरायला लागला.

“काका, हा स्वतःच कमी होतोय.”

“तुझ्या बोटांची ऊब उतरतेय. टेकव आणि सोड.”

अर्ध्या-पाऊण मिनिटाने आकडा ठरला. जर्मेनियमची गळती दर दहा अंशांना जवळजवळ दुप्पट होते. बोटाच्या उबेने एवढा फरक पडतो तर उन्हाळ्यात काय होईल? बेंगळुरू नऊशे मीटर उंचीवर आहे, इथे हे पेडल बहुतेक वर्ष सुखाने चालतं. नागपूरहून कोणी विचारलं तर मी सिलिकॉनचंच सुचवतो, कारण जानेवारीत बसवलेला आवाज मे महिन्यात गुदमरलेला ऐकू येईल. पुतणीने त्यानंतर प्रत्येक नग चिमट्याने उचलला, वहीत तीन रकाने आखले आणि कागदाच्या पुड्या करून त्यांवर आकडे लिहिले. दुपारचं जेवण टेबलावरच झालं.

पहिल्या जागी सत्तर ते नव्वदची वाढ आणि कमी गळती, दुसऱ्या जागी शंभर ते एकशेतीस. या चौकटीत बसणाऱ्या दोन जोड्या निघाल्या. एक ७८ आणि ११६, दुसरी ९० आणि १२७. ८.२ केच्या जागी १० केचा प्रीसेट बसवला आणि दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर साडेचार व्होल्टवर, म्हणजे बॅटरीच्या बरोबर मध्यावर आणला. सूर वरच्या आणि खालच्या बाजूने कसा कापला जातो ते इथे ठरतं. मध्य सोडला तर शेवटी सूर तुटक तुटक विझतो. कोणाला तेही आवडतं, पण आधी मध्य ऐकावा आणि मग सोडावा. बोर्डवर ट्रान्झिस्टर थेट सोल्डर न करता सॉकेट लावले, जोड्या बदलता याव्यात म्हणून, आणि जर्मेनियमला सोल्डरच्या उष्णतेची भीती नको म्हणूनही.

दुसरी जोडी लावताच खोली भरून गेली. पुतणीला तीच आवडली, साहजिक आहे. मी तिला गिटारवरचा व्हॉल्यूम दहावरून सातवर आणायला सांगितला. फझ फेसची खरी परीक्षा तिथे होते. चांगल्या जोडीत गिटारचा आवाज उतरवला की फझ विरत जातो आणि खाली स्वच्छ, किंचित चमकणारा सूर उरतो, पेडलला पाय न लावता. दुसरी जोडी सातवरही धुसफुसत राहिली. मग पहिली लावली. दहावर जराशी सौम्य, पण सातवर येताच तारा वेगवेगळ्या ऐकू यायला लागल्या. ती बराच वेळ एकच कॉर्ड वाजवत व्हॉल्यूम खालीवर करत होती. मी मध्ये बोललो नाही. तिने पहिली जोडी ठेवली. आतला कपॅसिटर तिने २.२ ऐवजी ०.४७ चा निवडला, तिच्या हंबकरला तोच शोभतो.

एक गोष्ट तिला आधीच सांगून ठेवली होती. एसी १२८ पीएनपी आहे, त्यामुळे या पेडलची जमीन धन टोकाला. इतर पेडलांच्या ॲडॉप्टरवर ते जोडायचं नाही, आपल्या बॅटरीवरच चालवायचं. म्हणून आम्ही डब्याला ॲडॉप्टरचं भोकच पाडलं नाही. डबा ओतीव ॲल्युमिनियमचा, कारण धातूचा डबा जमिनीला जोडला की घरातल्या विजेचा पन्नास हर्ट्झचा गुणगुणाट आत शिरत नाही. प्लॅस्टिकचे डबे स्वस्त आणि रंगीत मिळतात. फझसाठी ते घेऊ नयेत.

झाकण लावण्यापूर्वी मी तिला एक काम दिलं. झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून त्यावर दोन्ही ट्रान्झिस्टरची वाढ, गळती, कलेक्टरचा व्होल्टेज, त्या दिवशीचं खोलीचं तापमान आणि तारीख लिहायची. जमीन धन टोकाला आहे हे लाल शाईत. माझ्याकडे उघडायला येणाऱ्या कितीतरी पेडलांत एवढा कागद असता तर दुरुस्तीचा निम्मा वेळ वाचला असता. उरलेल्या पुड्या तिने माझ्या खणात ठेवल्या, वाढीच्या चढत्या क्रमाने. जी जोडी वगळली ती एका रबरात वेगळी बांधली आहे. कॉलेजातल्या तिच्या एका मैत्रिणीच्या गिटारला सिंगल कॉइल पिकअप आहेत, आणि तिच्या हातात ती कशी वाजते ते अजून ऐकायचं आहे.